आम्ही आंग मो किओला गेलो नाही

सिंगापूरच्या चोआ चू कांग भागातल्या आमच्या बहुमजली ब्लॉकखाली रविवारचा उजेड घाईने येत नाही. आधी तो रस्त्यापलीकडच्या झाडांच्या शेंड्यांवर थांबतो. मग समोरच्या ब्लॉकच्या खिडक्यांवरून उलटून व्हॉइड डेकच्या कडेला टेकतो. तळमजल्याची ही जागा भिंतींवाचून मोकळी, त्याला अडवणारे कोणी नाही. तरीही नव्या पाहुण्यासारखा तो कडेलाच रेंगाळतो. वरच्या मजल्यांवर बांबूंवर वाळत घातलेल्या कपड्यांच्या सावल्या फरशीवर हलत राहतात. मग दगडी टेबलावरच्या बुद्धिबळाच्या चौकटी उजळतात आणि अखेर उजेड खांबापाशी पोहोचतो. मित्रांनो, त्या खांबाला मला टांगलेले असते. मी कापडाचा गुंडाळी फळा. वयाने जुना, अंगाने सुरकुतलेला.

माझा जन्म पुण्यातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. जाड कापडावर काळ्या रंगाचे हात चढले, वरखाली लाकडी दांडे बसले. सुनेत्राकाकूंनी मला साड्यांच्या घड्यांत लपेटून विमानाने सिंगापूरला आणले. काकू एका कंपनीत हिशेबनीस. रविवारी मात्र आमच्या मराठी वर्गाच्या सर्वेसर्वा. शिकवायचे श्रीनिवाससर. तुआसच्या कारखान्यात यंत्रे सांभाळणारा हा तरुण इतका लाजाळू, की पालकांशी बोलतानाही तो माझ्याकडेच पाहत असे. खडू टेकवण्यापूर्वी तो क्षणभर थांबे. त्या थांबण्यात मला मोठा मान वाटे.

आमच्या वर्गाची एक रीत होती. लहानमोठी सगळी मुले एकाच सतरंजीवर बसत आणि आरंभी माझ्यावरचे वाक्य एका सुरात वाचत. दर रविवारी तेच वाक्य: 'माझे घर उंच आहे, माझी भाषा जवळ आहे.' बाजाराच्या पिशव्या घेऊन परतणाऱ्या चिनी आजी थांबून ऐकत, हसत, मान डोलावत. सर्वांत चढा आवाज सात वर्षांच्या नीलचा असे. त्याचा मला फार अभिमान होता.

मग २०१४ साली एका रविवारी प्रबोधकाका आले आणि आधी मागे उभे राहून मुलांचे वाचन ऐकत राहिले. भारतीय भाषा शिकवणाऱ्या एका मोठ्या संस्थेचे ते व्यवस्थापक. आमचा वर्ग त्यांच्या संस्थेत विलीन करावा, असा त्यांचा प्रस्ताव होता.

"इथे पंखासुद्धा नाही, श्रीनिवास," ते घाम पुसत म्हणाले. "आंग मो किओला आमच्या संस्थेच्या एसी खोल्या आहेत. पातळीप्रमाणे तुकड्या, स्मार्ट बोर्ड, सगळं."

"बोर्ड स्मार्ट आहे हो," काकू म्हणाल्या, "पण पोरं सगळी घेणार ना?"

"घेऊ की. एक छोटी चाचणी. नीलसारख्यांनी आधी वर्षभर हिंदीच्या वर्गात बसावं. रागावू नका, पण त्याला वाचता येत नाही. तो बाकीच्यांच्या मागून म्हणतो."

"आय कॅन रीड, लाह!" नील त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडला.

माझ्या दांड्यांतून कळ गेली. किती मोठा खोटारडेपणा! दर रविवारी माझ्याकडे टक लावून वाचणाऱ्या मुलाला हा परका माणूस निरक्षर म्हणतो?

नीलची आई चैत्राली मागे उभी होती. ती हळूच म्हणाली, "त्याच्या शाळेत हिंदी आहेच. खेळताना इंग्रजी. मराठीची ही एवढीच जागा आहे, प्रबोधदादा. इथूनही उठवलं, तर तो बसणार कुठे?"

"विचार करा. पुढच्या रविवारी सांगा," असे म्हणून ते गेले.

तो आठवडा मी काकूंच्या कपाटात गुंडाळलेला काढला. आपल्या जागी काचेचा चकचकीत फळा येईल, याचे दुःख होते. पण नीलवाचून सतरंजी कशी दिसेल, हा विचार अधिक बोचत होता.

पुढच्या रविवारी सारे पालक आले आणि मुलांशेजारी सतरंजीवरच बसले. काकूंनी खणखणीत आवाजात सांगितले, "ज्यांना आंग मो किओला जायचंय त्यांनी उठावं. बाकीच्यांनी बसून राहावं."

कोणीही उठले नाही. मांडी घालायची सवय सुटलेले एका मुलीचे बँकवाले बाबा तर कळवळले, तरी हलले नाहीत.

"अहो, मुलांचं नुकसान करताय तुम्ही!" प्रबोधकाका म्हणाले.

तेव्हा श्रीनिवाससरांनी माझ्याकडे पाठ फिरवली. पहिल्यांदाच ते माणसांकडे तोंड करून बोलले. "प्रबोधदादा, जिथे नील बसू शकत नाही, तिथे मी शिकवणार नाही."

प्रबोधकाका गेले. आम्ही जिंकलो. सरांनी माझ्यावर नवे वाक्य लिहिले: 'आम्ही सगळे इथेच शिकणार.'

"नील, आज तू एकटा वाच," ते म्हणाले.

नील उभा राहिला. हनुवटी उचलून, चढ्या आवाजात त्याने वाचले: "माझे घर उंच आहे, माझी भाषा जवळ आहे."

कोणी हसले नाही. चैत्रालीने डोळे मिटले. सरांनी नीलला जवळ घेतले, त्याचे बोट धरून माझ्यावरच्या पहिल्या अक्षरावर टेकवले. "आ," ते म्हणाले. "इथून सुरू करू. घाई नाही."

मित्रांनो, तुमच्या वर्गात सगळे एका सुरात वाचत असतील, तर मधूनच शेजारच्याचा एकट्याचा आवाज ऐका. तो अडखळला, तर त्याच्यासाठी थांबा. मागे राहिलेल्याला उठवून दुसरीकडे धाडणे म्हणजे शिकवणे नव्हे. हे मी त्या संस्थेला तेव्हाही सांगितले असते, आजही सांगेन. माझा रंग उडाला तरी या खांबावरून मी हटणार नाही.

पण ज्याला मी खोटारडेपणा म्हटले, तो खोटारडेपणा नव्हता. नीलला वाचता येत नव्हते.