एका बुंध्याला एक

दर रविवारी वैजयंतीबाईंची वरात बुऱ्हाणपुराहून निंबोल्याच्या शेतावर निघे: स्कूटरवर पुढे चार वर्षांची सायली उभी, मागे आठ वर्षांची निशा, आणि मधे कोपरं फाकवून, पार मागे सरकून बसलेल्या बाई. हँडलला मावा-जलेबीची पिशवी. बाई शाळेत विज्ञान शिकवत आणि उरल्या वेळात विज्ञानकथा लिहीत. ‘गोड आहे, पण पटत नाही’ असा शेरा मारून संपादकांनी त्यांच्या तीन कथा साभार परत केल्या होत्या. आज चौथी पाठवायचा शेवटचा दिवस, आणि ही छापून आणायचीच असा बाईंनी पणच केला होता.

केळीच्या गार सावलीत त्यांनी ती सासऱ्यांना वाचून दाखवली. माणसं एका हिरव्या ग्रहावर वसाहत करतात, जमीन ओरबाडतात, आणि मग कळतं की ग्रह माणसांनी व्यापलेला नाही, ग्रहानंच माणसांची लागवड केली आहे. शेवटी मात्र सगळे पोराबाळांसह सुखात नांदतात.

ऐकता ऐकता उखर्डूबाबा केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं विळ्यानं कापत होते.

“आजोबा, यांना का कापता?” सायलीनं तोंडात जलेबी ठेवूनच विचारलं.

“एका बुंध्याले एकच पिल ठेवा लागते, माय. जास्त ठेवले त जमीन थकते.” मग ते सुनेकडे पाहून हसले. “तुह्या ग्रहाले येवढी अक्कल नाही का?”

म्हातारा संपादकांच्या वरताण निघाला! पायाशी खेळणाऱ्या लेकींकडे पाहून बाईंनी पेन क्षणभर खाली ठेवलं, पण मोह आवरेना. त्यांनी शेवट खोडला, ‘ग्रहानं प्रत्येक घरात एकच मूल राखलं’ असं लिहिलं, आणि पानांचे फोटो काढून तिथल्या तिथे पाठवून दिले.

निशानं कागदावरची अर्धी जलेबी उचलली. “ही उष्टी कोणाची?”

“बाबांची असेल,” बाई म्हणाल्या.

“मी कुठी गोड खातो?” बाबा म्हणाले, आणि तिघंही खळखळून हसले.

निघता निघता संपादकांचा निरोप आला: ‘कथा घेतली. शेवट अगदी पटला.’ बाईंना आभाळ ठेंगणं झालं. गाणं गुणगुणत त्यांनी स्कूटर रस्त्यावर काढली.

“मम्मी, पुढे सरक ना, मी गिर जाईन!” मागून निशा ओरडली. “पुढे इतनी जगह खाली आहे!”

खरंच होती. बाईंनी सरकायला पाहिलं, पण कोपरं काही केल्या मिटेनात.