बारावी सुई

गादीवाल्याच्या दुकानात एक नियम त्याच्या वडिलांपासून चालत आला होता. काम संपलं की सुया मोजायच्या. भिंतीवर जाड लोकरी कापडाची पट्टी ठोकलेली होती आणि तिच्यात वीतभर लांबीच्या बारा सुया टोचलेल्या असायच्या. एकानं मोठ्यानं मोजायचं, दुसऱ्यानं कान देऊन ऐकायचं, आणि ‘बारा’ हा शब्द कानावर पडल्याशिवाय शटर खाली ओढायचं नाही. लग्न होऊन आली तेव्हा बायकोला हे सगळं खुळचट वाटलं होतं. पण पुढं धंद्यात तीही बरोबरीनं बसायला लागली आणि मोजणीच्या बाबतीत नवऱ्याच्याही वरताण झाली. त्याला कारण होतं. सासऱ्यांच्या हातून उभ्या जन्मात एकदाच एक सुई गादीत राहिली होती. दोन रात्री अंगाचं वजन पडलं, तिसऱ्या दिवशी सुईनं डोकं वर काढलं आणि एका धडधाकट माणसाच्या पाठीत शिरली. तो माणूस बरा होईपर्यंत म्हातारबोवांच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

शहरात खेळांच्या मोठ्या स्पर्धा भरणार म्हटल्यावर लोकांच्या अंगात आलं. हॉटेलं वर्षभर आधीच भरून गेली. ज्यांच्या घरात पाहुणा आला की कपाळाला आठ्या पडायच्या, ते आता परक्या माणसांसाठी नवे टॉवेल घेत सुटले. गादीवाल्याची लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी होती, तिनं फोनवरून टुमणं लावलं.

“बाबा, पंधरा दिवस घर भाड्यानं द्या. तुम्ही दोघं दुकानाच्या माळ्यावर राहा. तिथं झोपायला गाद्यांची तर काही कमी नाही!”

“माझ्या घरात परकी माणसं? मी काय धर्मशाळा काढलीय?”

तो दोन दिवस फुगून बसला. तिसऱ्या दिवशी बायकोनं बरणीचं झाकण उघडायला त्याच्यापुढं केलं. तीस वर्षं गाद्यांचे काठ हातानं शिवून तिची बोटं आखडली होती, आणि हल्ली सकाळी ती बराच वेळ गरम पाण्यात बुडवून बसायची. काठ शिवायचं मशीन घ्यायचं म्हणून दोघं किती वर्षं नुसतं बोलत होते. पंधरा दिवसांच्या भाड्यात ते आरामात येत होतं. त्यानं झाकण उघडून दिलं आणि लेकीला फोन लावला.

लेकीनं सगळं जमवून आणलं. एक पाहुणी ठरली. लांब उडी मारणारी मुलगी, वय बावीस, एकटीच राहणार. स्पर्धकांसाठी बांधलेल्या इमारतीत रात्रभर गलका असतो, तिथं तिची झोप होत नव्हती. तिला फक्त शांतता हवी होती. लेकीनं बजावून सांगितलं की भाडेकरू घरात असताना मालकानं पाऊल टाकायचं नाही, नियमच आहे तसा.

आता गादीवाल्याच्या घरातली स्वतःची गादी कशी असणार? सपाट, जुनी, मधे खोल गेलेली. लोकांना मऊ गाद्यांवर लोळवणारा हा गृहस्थ स्वतः अशा गादीवर झोपत आला होता. पण पाहुणीला तशी कशी द्यायची? त्यानं नवी भरायला घेतली, तीही घरीच, कारण स्पर्धांपायी रस्ते अडवलेले आणि टेम्पो गल्लीत येईना. तीन सुया शर्टाच्या कॉलरला टोचून तो घरी गेला. चांगला दुप्पट कापूस घातला. बायको म्हणाली, “अहो, फार होतोय.” तो म्हणाला, “पैसे मोजणाऱ्या माणसाला मऊच लागतं. तू गप्प बस.”

शेवटचे टाके चालू होते आणि दारावरची घंटा वाजली. पाहुणी दोन तास आधीच येऊन थडकली होती. मग जी धांदल उडाली! त्यानं हातातली सुई सवयीनं गादीच्या कडेला टोचली आणि दार उघडायला धावला. बायकोनं आत राहिलेले दोन टाके दुसऱ्या सुईनं पटापट घातले, गादी उलटवली, वर चादर घातली. ती सुई परत त्याच्या कॉलरला टोचली आणि दोघं पिशव्या उचलून बाहेर पडले. तिला वाटलं सुया त्यानं मोजल्या असतील, त्याला वाटलं तिनं. मोजणी दुकानात व्हायची, आणि रस्ते अडवल्यापासून दुकानात कामच नव्हतं. घरी कधी कुणी सुया मोजल्याच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी पाहुणीचा निरोप लेकीकडे आला आणि लेकीनं तो फोनवर वाचून दाखवला. “गादी म्हणजे स्वर्ग. इतकी छान झोप कधीच लागली नव्हती.” गादीवाल्यानं तो दोनदा वाचायला लावला. मग शेजारच्या न्हाव्याला सांगितलं, समोरच्या किराणावाल्याला सांगितलं, न विचारणाऱ्यांनाही सांगितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तर त्याचं म्हणणं इथवर पोचलं होतं की पोरीनं पदक जिंकलं तर त्यातलं निम्मं गादीचं.

त्याच वेळी मागच्या नळावर बायको त्याचा शर्ट धुवायला बसली होती. कपडा पाण्यात घालण्याआधी कॉलर चाचपायची तिची रीत होती. तिनं चाचपली. पुन्हा चाचपली. ओल्या हातानंच ती पट्टीपाशी आली.

“अहो, इकडे या.”

“काय गं?”

“पट्टीत नऊ आहेत. कॉलरला दोन.”

न्हाव्याला सांगायचं उरलेलं वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं. कडेला टोचलेली सुई त्याला डोळ्यांसमोर लख्ख दिसली, अगदी नेढ्यातल्या दोऱ्यासकट. दोन रात्री झाल्या होत्या. हा तिसरा दिवस. आणि आजच संध्याकाळी त्या मुलीची अंतिम फेरी होती.

फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. मग लेकीला लावला. ती म्हणाली, “बाबा, स्पर्धेच्या दिवशी ती फोन बंदच ठेवते. सकाळी सराव आणि दुपारी दोन तास झोप, असं तिनं आधीच कळवलं होतं.”

“झोप?” गादीवाला ओरडलाच. “कुठं झोपणार?”

“कुठं म्हणजे? तुमच्या स्वर्गात!”

तो अनवाणीच निघाला होता, बायकोनं मागून चपला फेकल्या. रस्त्यावर ही गर्दी. झेंडे, पिपाण्या, तोंडाला रंग फासलेली माणसं. रिक्षा, बस सगळं बंद. गादीवाला त्या जत्थ्यांतून वाट काढत पळत होता आणि बघणाऱ्यांना वाटत होतं, हाही कुठल्यातरी शर्यतीत उतरलाय. एकानं त्याला टाळ्याही वाजवल्या. त्याच्या डोक्यात मात्र ती मुलगी होती. परक्याची लेक. उडी मारायची म्हणजे पाठ, कंबर, पाय, हेच तिचं सगळं भांडवल. सुई आत मोडली तर? आपल्या बापाला महिनाभर घास गोड लागला नव्हता, आपल्याला तर जन्मभर लागणार नाही, असं त्याला वाटलं आणि धावता धावता डोळ्यांत पाणी आलं.

त्यानं आपल्याच दाराची घंटा वाजवली. आत काहीतरी हललं. मग दाराच्या भिंगापाशी सावली आली आणि लगेच गेली. मग आतून विचित्र आवाज यायला लागले. काहीतरी जड ओढल्याचा, धप्पकन पडल्याचा, पुन्हा ओढल्याचा. गादीवाल्यानं दार बडवलं.

दार उघडलं. उंच, सडपातळ मुलगी, तोंड लाल, कपाळावर घाम.

“काका! तुम्ही? या ना.”

“तुम्हाला काही लागलं नाही ना? पाठीला? टोचलं वगैरे?”

“छे हो! मस्त झोप होतेय. गादी तर काय, अप्रतिम!” ती मागं मागं सरकत झोपायच्या खोलीत गेली. पलंगावर गादी तिरकी पडली होती, चादर निम्मी जमिनीवर. “आत्ता आडवीच होणार होते. हे बघा ना, अस्सं पडलं की…” आणि हात पसरून ती खरोखरच मागं कलायला लागली.

“ए पोरी! हात नको लावू तिला! उभी राहा!”

अहोजाहो सगळं विसरून तो असा ओरडला की मुलगी उडी मारून भिंतीला चिकटली. उडी लांबच पडली.

त्यानं चादर ओढून काढली. डोळे मिटले आणि तळहात गादीवर सपाट ठेवून उशीच्या बाजूपासून हळूहळू खाली सरकवायला लागला. हा हात पस्तीस वर्षं गाद्यांवरून फिरला होता, त्याला कापसातली एक सरकीसुद्धा कळायची. खांद्यांची जागा गेली. पाठीची आली. कडेपासून हातभर आत त्याचा हात थांबला. त्यानं चिमटीनं खोळ दाबली, आणि टोक वर आलं. बोटावर रक्ताचा बारीकसा थेंब उभा राहिला. त्यानं सुई ओढून काढली, अख्खी, वीतभर, आणि पलंगाच्या कडेवर बसला.

मुलगी जवळ येऊन सुईकडे वाकली. मग हळू आवाजात म्हणाली, “काका, एक सांगू? रागावू नका.”

“सांग.”

“मी एकही रात्र गादीवर झोपले नाही. फार मऊ आहे हो. पहिल्या रात्री पडले तर कंबर खाली बुडाली, तशीच उठले. तेव्हापासून ती भिंतीला उभी करून खाली फरशीवर झोपते. तुमच्या लेकीनं सांगितलं होतं, तुम्ही ती खास माझ्यासाठी भरलीय. मग कसं सांगणार? आत्ता तुम्हाला भिंगातून पाहिलं आणि घाईघाईनं परत पलंगावर टाकली.”

पस्तीस वर्षांत गादीवाल्याच्या गादीचा असा अपमान कुणी केला नव्हता. आणि पस्तीस वर्षांत त्याला इतका आनंदही कधी झाला नव्हता. तो हसायला लागला, हसता हसता रडायला लागला, आणि शेवटी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत म्हणाला, “फार चांगलं केलंस, बाळ. फार फार चांगलं केलंस.”

दारात बायको येऊन पोचली होती, धापा टाकत. नवऱ्याच्या हातात सुई आणि मुलगी आपल्या पायांवर उभी, हे पाहून ती आधी चौकटीला टेकली. मुलगी दोन्ही रात्री फरशीवर झोपली हे कळल्यावर तिनं नवऱ्याकडे रोखून पाहिलं. तो दुप्पट कापूस दोघांनाही आठवत होता.

वडिलांचा आणखी एक नियम होता. कापूस हातात घेण्याआधी गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारायचा. या वेळी तोही राहून गेला होता.

“बाळ,” गादीवाला म्हणाला, “तू झोपतेस कशी? पाठीवर, पोटावर की कुशीवर?”

“पाठीवर.”

“उशी?”

“पातळ.”

नवराबायको जमिनीवर बसले. खोळ उसवली, निम्म्याहून जास्त कापूस बाहेर काढला, उरलेला थापून थापून घट्ट बसवला आणि त्याच सुईनं टाके घातले. बायकोची बोटं दुखायला लागली तेव्हा मुलीनं तिच्या हातातून सुईदोरा घेतला आणि तिच्या देखरेखीखाली वेडेवाकडे चार टाके घातले. काम संपल्यावर बायकोनं येताना पदराला टोचून आणलेल्या कॉलरच्या दोन आणि हातातली एक अशा तिन्ही सुया उजेडात धरल्या.

“पट्टीत नऊ. दहा, अकरा, बारा,” ती मोठ्यानं म्हणाली.

“बारा,” नवऱ्यानं ऐकल्याची पोच दिली.

“मला चार वाजता उठवाल?” मुलीनं विचारलं. “एकदा गादीवर पडून बघते.”

मग मालक आणि मालकीण आपल्याच स्वयंपाकघरात पाहुण्यांसारखे अंग चोरून बसले. पाणीसुद्धा भांडं न वाजवता प्यायले. रस्त्यावर पिपाण्या वाजत होत्या, पण झोपायच्या खोलीतून संथ, लांब श्वास ऐकू येत होता. चार वाजायला आले. बायकोनं दाराशी जाऊन हलकीच हाक मारली. उत्तर नाही. दुसरी हाक मारली. मुलगी कुशीवरसुद्धा वळली नाही.

“हलवून उठवू का?” ती कुजबुजली.

गादीवाला दारात येऊन उभा राहिला. मुलगी पाठीवर, हात सैल सोडून, तोंड किंचित उघडं ठेवून गाढ झोपली होती. तो डोळे भरून बघत राहिला.

“थांब गं जरा,” तो म्हणाला. “अजून दोन मिनिटं आहेत.”