शिट्टीच्या आधी

लारिसा पंधरा वर्षांची होती आणि तिच्या दंडावर हिरवी पट्टी होती. पट्टी बघून लोकांनी एवढंच समजायचं, की हा रेफरी अजून पोर आहे, जरा जीभ आवरा. डनव्हेलमध्ये कोणाकडे आज काय शिजलंय हेही सगळ्यांना ठाऊक असतं, तिथे तिचं वय सांगायला पट्टी कशाला हवी? आणि जीभ तर पट्टी बघून कोणाचीच आवरली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात ती पट्टी कोल्बीच्या दंडावर होती. आइस हॉकीच्या एका मॅचमध्ये त्याने गावाचा एक गोल नाकारला. चकती गोलकीपरच्या पायाखाली दिसेनाशी झाली, त्याने खेळ थांबवायचं ठरवलं, पण शिट्टी तोंडाशी जाईपर्यंत कोणीतरी ती जाळ्यात ढकलली. नियम त्याच्या बाजूचा होता. रेफरीने मनात ठरवलं की खेळ तिथेच थांबतो, शिट्टी मागाहून वाजली तरी. पण मनातलं कोणाला दिसतंय? लारिसाचे बाबा, मिरॉन, मैदानाभोवतीच्या काचेवर मुठी आपटत ओरडले होते, "मनात ठरवलं म्हणे. खोटारडा." शेजारी उभी राहून लारिसाही तेच ओरडली होती. मजा म्हणून. कोल्बीने आठवड्याभरात पट्टी परत केली. हल्ली तो पेट्रोल पंपावर कामाला असायचा, आणि बाबा दर खेपेला विचारायचे, "काय रे, टाकी खरंच भरलीस, की नुसती मनात?" गाडीत सगळे खो खो हसायचे.

पुढे रेफरीच मिळेना, लहान पोरांच्या मॅच रद्द व्हायला लागल्या, तेव्हा लारिसाने शिकून घेतलं. बाबा म्हणाले, "मी आहे ना तिथे. तुला कोण बोलतंय तेच बघतो." तिला दुसरं काही नको होतं. एवढं एक वाक्य खरं ठरलं तरी पुरे होतं.

त्या शनिवारी सकाळी बाहेर उणे एकतीस होतं आणि आत, बर्फाच्या मैदानाभोवती, अख्खं गाव होतं. जिंकेल तो फायनलला जाणार. डनव्हेलकडून लारिसाचा धाकटा भाऊ तारस खेळत होता. भावाच्या मॅचला बहीण रेफरी नको, हे सगळ्यांना कळत होतं, पण दुसरं होतं कोण?

तीन-तीन. शेवटचं मिनिट. गोलकीपर चकतीवर पालथा पडला आणि चकती दिसेना. संपलं, लारिसा मनात म्हणाली. हात तोंडाकडे निघाला. तेवढ्यात तारसची काठी आत घुसली आणि चकती जाळ्यात गेली. मग शिट्टी वाजली.

जाळ्याकडे बोट दाखवलं असतं तर कोणी काही विचारलं नसतं. गाव नाचलं असतं. तिने दोन्ही हात आडवे पसरले. गोल नाही.

उरलेल्या चाळीस सेकंदांत समोरच्यांनी गोल केला.

बर्फावरून बाहेर पडताना लोक काय काय बोलले ते तिने ऐकून घेतलं. ती फक्त बाबांना शोधत होती. ते फाटकापाशीच उभे होते. कोणीतरी त्यांना विचारत होतं, "मिरॉन, तुझीच ना रे ही?"

"आज नको विचारूस," बाबा म्हणाले.

गाडीत ती म्हणाली, "बाबा, मी खरंच आधी ठरवलं होतं."

"हो का."

"कोल्बीपण असंच म्हणाला होता," मागून तारस नाक ओढत म्हणाला.

पंपावर बाबा पैसे द्यायला आत गेले. कोल्बी नळी लावून उभा होता. लारिसाने काच खाली केली.

"कोल्बी, तू तेव्हा खरं बोलत होतास."

त्याने तिच्या दंडावरच्या पट्टीकडे बघितलं. "मला तर तेव्हाही माहीत होतं," तो म्हणाला. "त्याने काय झालं?"

तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली, की त्याच्याकडे बघवेना.

बाबा येऊन बसले, किल्ली फिरवली आणि नेहमीच्याच सुरात म्हणाले, "काय रे, टाकी खरंच भरलीस, की नुसती मनात?" पण या वेळी ते कोल्बीकडे नाही, लारिसाकडे बघत होते. तारस रडता रडता फिसकन हसला.

गाडी रस्त्याला लागल्यावर लारिसाला आठवलं, पट्टी परत कोणाकडे द्यायची, हे कोल्बीला विचारायचं राहिलंच.