पाण्यावरची तीन वाक्यं

दुपारी साडेचारला पंपवाल्याच्या बायकोने बाईंच्या दाराची बेल वाजवली. केस भिजलेले होते. आत आली, पण बसली नाही.

नवरा सकाळच्या पाळीला गेला तो परतला नव्हता. एका मोठ्या इमारतीच्या तळघरात तो पंप चालवायचा. दुपारी त्याचा फोन आला होता: पावसाने खाली थोडं पाणी भरलंय, मुकादम माणूस पाठवतोय, जेवायला थांबू नकोस. त्यानंतर फोन लागत नव्हता; तळघरातून मेसेज तेवढे कसेबसे जायचे. इमारतीतले लोक सांगत होते, तळघरात कोणी नाही, सगळे केव्हाच वर आले.

"तुमच्या इंग्रजीच्या ग्रुपवर रोज लिहितात ना ते," ती म्हणाली. "आज काही लिहिलंय का बघा, बाई. मला वाचता येत नाही."

बाईंनी चष्मा लावला. खरं तर बघायची गरज नव्हती. सगळ्यांची वाक्यं त्यांनी दुपारीच तपासली होती.

निवृत्त झाल्यापासून बाई कामकरी माणसांना इंग्रजी शिकवत. घोकंपट्टी त्यांना खपत नसे. एकेका अर्थाचे चार शब्द द्यायचे आणि ज्याने त्याने ते वापरून ग्रुपवर वाक्य लिहायचं. आजचे शब्द भरपूर असण्याचे आणि बुडण्याचे होते. ग्रुपवर कोणी मायबोलीत लिहिलं, की बाई त्याचं नाव काढून टाकत. पंपवाला हा नियम कसोशीने पाळायचा. वरच्या कंट्रोल रूममधल्या जागेसाठी पुढच्या आठवड्यात त्याची मुलाखत होती, तीही इंग्रजीत. त्याची एकच खोड होती. प्रत्येक वाक्यात पंप, नाहीतर पाणी. त्या तळघरातून जरा बाहेर या हो, थोडी कल्पना लढवा, असं सांगून बाई थकल्या होत्या.

"वाचा ना."

बाईंनी एकेक वाक्य तिला समजेल असं सांगितलं. पहिलं, तळघरात आज अबंडंट, म्हणजे भरपूर, पाणी आहे. दुसरं, पंप सबमर्ज्ड, पाण्याखाली गेला आहे. त्याखाली वर्गातल्या पार्लरवालीने लिहिलं होतं, काका, येताना मासे आणा. ते बाईंनी गाळलं. तिसरं वाक्य लांब होतं. मी कमरेपर्यंत इमर्स्ड, म्हणजे बुडालेला, आहे आणि बाहेरच्या पाण्याने पंपघराचं दार दाबून धरलं आहे.

बायकोने भिंतीला हात टेकला.

"कधी लिहिलंय हे?"

"दोनच्या सुमाराला."

"मग तुम्ही काय लिहिलंत?"

चांगलं लिहिलंय असं कळवलं, एवढंच बाई आधी बोलल्या. मग त्यांनी आपला शेरा जसाच्या तसा सांगितला.

"शाब्बास. आज पहिल्यांदा कल्पना लढवलीत. शेवट अजून रंगवता येईल."

 बायको वळून चपला पायात सरकवू लागली.

"चला," ती म्हणाली. "हे तिथे वाचून दाखवा. माझं कोणी ऐकून घेत नाही."

इमारतीच्या मॅनेजरने बाईंचा फोन हातात घेऊन तिन्ही वाक्यं वाचली, खालचा शेराही वाचला. हा तर गृहपाठ दिसतोय, तो म्हणाला. मुकादमाने माणसं मोजली होती म्हणे. अंदाजाने, हे त्याने नंतर कबूल केलं.

"आणि मॅडम, ही कल्पना आहे असं तुम्हीच लिहिलंय."

"मी चुकले," बाई म्हणाल्या. "त्या माणसाला कल्पना करता येत नाही. सहा महिने शिकवतेय मी त्याला."

मॅनेजरने पुन्हा एकदा तिसरं वाक्य वाचलं आणि अग्निशमन दलाला फोन लावला.

गाडी यायला सहा वाजले. जाड पाइप तळघराच्या उतारावरून खाली सोडले. बायको कठड्याला धरून उभी होती. शेजारी बाई फोनमध्ये बघत होत्या. त्यांचा शेरा कोणी कधी वाचला, ते त्यात दिसत होतं. पार्लरवालीने लगेच वाचला होता. पंपवाल्याने तीन वाजून गेल्यावर.

"उत्तर दिलं त्यांनी?" बायकोने विचारलं.

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

सातच्या सुमाराला एका जवानाने खालून आवाज दिला. पाणी उतरत होतं आणि बॅटरीच्या उजेडात पंपघराच्या दाराची वरची चौकट दिसायला लागली होती. दार बंद होतं.