दौलतगंजातला न बदललेला गालिचा

मित्रांनो, मी एक जुना गालिचा आहे आणि मला आता काढून टाकावं, एवढंच माझं मागणं आहे. माझा जन्म ग्वाल्हेरच्या तुरुंगात झाला. मला विणणारे कैदी शिक्षा भोगून सुटले. माझी अजून चालू आहे.

तरुणपणी मी माझे आताचे मालक कान्होजीराव यांच्या आजोबांच्या बैठकीत होतो. सरदार लोक माझी नक्षी वाखाणायचे आणि त्याच तोंडाने माझ्यावर पानाचे डाग पाडायचे. मग संस्थान विलीन झालं, बैठक मोडली. कान्होजीरावांनी दौलतगंजातली खोली भाड्याने दिली, ती माझ्यासकट. अट एकच. मधोमध आजोबा बसत, तिथे कुणी पाय ठेवायचा नाही.

भाडेकरू होते कचेरीतले कारकून भालचंद्र आणि त्यांची पत्नी वनमाला. बिचारे आजोबांच्या रिकाम्या जागेच्या अलीकडे-पलीकडे बसून जेवत. माझ्या धुळीने वनमालाबाईंना दमा जडला. मला त्याचं वाईट वाटलं असं म्हणणार नाही. त्या मला रोज झाडूने मारत.

शेवटी त्यांनी मालकांना गाठलं. "काका, ह्या गालिच्यानं माझा दम घुटतो. बदलून द्या."

"माझे आजोबा जन्मभर ह्यावर बसले. त्यांचा नाही घुटला."

"ते बसून उठून जायचे. मी इथं राहते."

काका म्हणाले, दसऱ्यानंतर बघू.

दसऱ्याला कान्होजीराव आपट्याची पानं घेऊन आले आणि आजोबांच्या जागेला वाकून मुजरा केला. पलीकडे बनियनवर उभ्या असलेल्या भालचंद्रांना वाटलं, मुजरा आपल्यालाच आहे. त्यांनी मान डोलावून तो स्वीकारला, वर "असू द्या, असू द्या" म्हणाले.

त्या दिवसापासून गालिच्याचा विषय बंद झाला. नळही बंद झाला. वनमालाबाई रात्रंदिवस दारात बसून श्वास घेऊ लागल्या.

मग राज्यांची पुनर्रचना झाली, कचेरी भोपाळला हलली आणि भालचंद्रांची बदली झाली. सामान टांग्यात चढलं. जाताना वनमालाबाई आत आल्या, चपला घालून आजोबांच्या जागेवर उभ्या राहिल्या, मनसोक्त खोकल्या आणि गेल्या.

आता ग्वाल्हेरच्या ह्या लष्कर भागात खोल्या रिकाम्या आणि कारकून भोपाळात. येणारा प्रत्येक जण मला बघून परत जातो. परवा कान्होजीराव स्वतःच आजोबांच्या जागेवर टेकले. थोड्याच वेळात खोकू लागले. डोळ्यांत पाणी आलं. मला आशा वाटली.

ते म्हणाले, "ही बाई जाता जाता काय करून गेली."

मित्रांनो, भाडेकरू खोकला की गालिचा बदला. मालकाच्या खोकल्याची वाट पाहू नका. त्याचा काही उपयोग होत नाही.