चहातले थेंब

धाकट्याची मान वाकडी झाली ती दुकानात, ऐन गिऱ्हाइकासमोर. फोटोंना चौकटी करून देणाऱ्या दुकानात तो कामाला होता. काच कापण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मालक म्हणायचा, "हा काच कापत नाही, तिची समजूत घालतो." त्या सकाळी एका बाईंना चौकटीचे नमुने दाखवता दाखवता त्याची मान आपसूक डाव्या खांद्याकडे वळली आणि तिथेच अडकली. जबडा आवळला, डोळे वर चढले. बाई नमुने टाकून बाहेर पळाल्या. मालकाने त्याच्या बहिणीला फोन लावला.

"ताई, आहात तशा या. याचं ते जुनं पुन्हा उठलंय बहुतेक."

ताई घरीच लोकांचे कपडे उसवून मापात बसवून द्यायची. मशीनच्या सुईखाली पँट तशीच सोडून ती धावली. 'ते' म्हणजे काय, हे तिला कुणी समजावायला नको होतं. आई गेली त्या वर्षी धाकट्याला भिंतीतून आवाज ऐकू यायला लागले होते. शेजारी आपल्यावर टपलेत म्हणून त्याने खिडक्यांना कागद चिकटवले, जेवण सोडलं. दवाखाना झाला, औषधांनी तो माणसांत आला, मालकाला सगळं सांगून नोकरीला लागला. आणि मग एक दिवस, आता मला काय झालंय, गोळ्यांनी नुसता फुगत चाललोय, दिवसभर झोप येते, असं म्हणत त्याने उरलेल्या सगळ्या गोळ्या मोरीत ओतल्या. त्या दिवशी दोघांचं असं वाजलं की वरच्या मजल्यावरचे खाली येऊन गेले.

त्यानंतर ताईने वाद घातला नाही. आजार जोरात असताना, तो काहीच गिळेना म्हणून डॉक्टरांनी थेंबांचं औषध दिलं होतं. त्याची बाटली कपाटात उरली होती. वास नाही, चव नाही, रंग नाही. तिने ते त्याच्या सकाळच्या चहात घालायला सुरुवात केली. बाटली संपली तेव्हा कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने दुसरी काढून दिली, एका शब्दाने विचारलं नाही. धाकटा हळूहळू निवळत गेला. सापही मेला आणि काठीही मोडली नाही, असं ताई मनात म्हणायची. पुढे तो घरात येरझाऱ्या घालायला लागला, धड एका जागी बसेना. दुखणं पुन्हा डोकं वर काढतंय असं समजून तिने थेंब वाढवले.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी त्याला बघताच इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने मान सैल पडली. घामाने भिजलेला धाकटा खुर्चीत बसला, एखाद्या चोरासारखा.

"औषध कोणतं चालू आहे?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही दिलेलीच गोळी. रोज रात्री एक."

ताई चमकली. "कुठली गोळी? कधीपासून?"

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "मोरीत ओतल्या ना, त्यानंतर थोड्याच दिवसांनी पुन्हा कुजबुज ऐकू यायला लागली. घाबरलो. एकटाच इथे आलो. तुला कोणत्या तोंडाने सांगणार होतो? एवढा तमाशा करून बसलो होतो."

डॉक्टरबाई विचारात पडल्या. "एवढ्या गोळीने असं व्हायला नको होतं. दुसरं काही घेतलंत? सर्दीचं, झोपेचं, कुणी दिलेलं?"

"शपथ घेऊन सांगतो, काही नाही."

बोल, बोल, असं ताई मनातल्या मनात स्वतःला सांगत होती. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, पुन्हा सोडलं.

"मग ही गोळी तुम्हाला सोसत नाही असंच धरावं लागेल," बाई म्हणाल्या. "बदलून बघू. नवीन लागू पडेपर्यंत जरा सांभाळायला लागेल."

"पण बाई, हिनेच तर आवाज थांबलेत." धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. "पुन्हा आले तर?"

तो चेहरा ताईला बघवला नाही.

"मी घालते," ती म्हणाली. "चहात. जुन्या थेंबांचं औषध. मधे वाढवलंही होतं."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. बाईंनी रागावून चार शब्द सुनावले असते तर सोसले असते, पण त्या शांतपणे बोलल्या आणि ते जास्त लागलं. दोन्ही औषधं एकच काम करतात, दोन्ही मिळून जास्त झालं, म्हणून मान आखडली. त्या येरझाऱ्यासुद्धा बहुधा आजाराच्या नव्हत्या, थेंबांच्याच होत्या. "तुम्ही आजार समजून औषध वाढवलंत, आणि औषधाने तो त्रास वाढवला." थेंब बंद, गोळी आहे तशीच चालू, असं त्यांनी सांगितलं. धाकट्याला बजावलं, मनाने बंद करायची नाही, नको वाटली तर आधी येऊन भांडायचं. पुन्हा अंग ताठलं, त्यात ताप चढला, तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच यायचं.

धाकट्याने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "रोज?"

"रोज," ताई म्हणाली.

घरी आल्यावर दारात चपला काढताना तो म्हणाला, "मला वाटायचं, मी माझ्या पायाने गेलो, माझ्या हाताने गोळी घेतली, म्हणून बरा झालो. आयुष्यात तेवढं एक धड केलं होतं. आता त्यात माझं किती आणि तुझं किती, कुणी सांगायचं?"

चुकलं म्हणावं तर तो शब्द ताईला तोकडा वाटला, आणि तुझ्या भल्यासाठीच केलं, हे म्हणायची तिला लाज वाटली.

तो कामावर परत गेला. काय झालं होतं ते मालकाला त्याने स्वतःच सांगितलं, बहिणीचं नाव न घेता. "औषधाचा घोळ झाला," एवढंच. मालकाकडून हे कळलं तेव्हा ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने तिला पाठीशी घातलं होतं, आणि ती मात्र दवाखान्यात कितीतरी वेळ गप्प बसून राहिली होती.

घरात तो कामापुरतं बोलायचा. चहा स्वतः करून घ्यायचा, कप स्वतः विसळायचा.

एका दुपारी तो नसताना तिने त्याचा खण उघडला. गोळ्यांचं पाकीट वरच होतं. मोजायला हात गेला आणि तिथेच थांबला. खण लावून ती मशीनवर येऊन बसली, पण टाका सरळ पडेना. संध्याकाळी तो आल्या आल्या तिने सांगून टाकलं.

"तुझा खण उघडला होता आज. मोजल्या नाहीत."

तो आत जाऊन पाकीट घेऊन आला आणि तिच्यासमोर ठेवलं.

"परवाची राहिलीय," तो खाली मान घालून म्हणाला. "झोप लागली. दुसऱ्या दिवशी दोन नाही घेतल्या, बाईंना फोन करून विचारलं. तुला सांगायला जीव धजत नव्हता. म्हटलं, तू परत काहीतरी सुरू करशील."

ताईचा चेहरा कानांपर्यंत तापला. ते तिने ऐकून घेतलं. ऐकून घेण्यासारखंच होतं.

"नाही करणार," ती म्हणाली. "तू सांगत जा. मी विचारत जाईन."

"आणि विश्वास ठेवशील?"

"शिकेन," ती म्हणाली.