ब्रह्मपुरीचा पावणा

धैर्यशील तालमीसमोरून जात नाही, हे त्याच्या म्हशींनाही माहीत होतं. संध्याकाळी पाचला गंगावेशीतल्या दूध कट्ट्याकडे निघताना पिंपळकट्टा तालीम मंडळाचा कोपरा आला, की दोघी न सांगता डावीकडच्या बोळात वळायच्या. सरळ रस्ता चार मिनिटांचा होता, बोळातला अकरा मिनिटांचा. चोवीस वर्षांत म्हशी बदलल्या, रस्ता बदलला नाही.

चोवीस वर्षांपूर्वी त्यानं तालमीच्या नावानं आजऱ्याकडच्या एका जत्रेच्या मैदानात शेवटची मोठी कुस्ती धरली होती. दुसऱ्याच मिनिटाला डावा गुडघा आतल्या आत फिरला आणि तो चितपट झाला. तेव्हा तालमीचा कारभार बघणारे गणपतराव मैदानाच्या कडेला उभे होते. शेजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, “ह्याला नुसतं उभं बी ऱ्हाता येईना, कुस्ती काय करतोय!” लोक हसले. गुडघ्याचं प्लास्टर दोन महिन्यांनी निघालं. ते हसू काही निघालं नाही.

त्यानंतर धैर्यशीलनं म्हशी पाळल्या. रोज संध्याकाळी कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढायची, फेसाळलेला ग्लास त्याच्या हातात द्यायचा आणि पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत विजेच्या खांबाला हात लावून उभं राहायचं. ‘पैलवान’ म्हणून कुणी हाक मारलीच, तर तो म्हशीच्या पाठीवर थाप मारून विषय बदलायचा.

त्याची मुलगी संयोगिता मात्र देवांच्या मागे लागली होती. आपल्याकडच्या नव्हे, जगभरातल्या जुन्या देवांच्या. दहाव्या वर्षी शाळेच्या वाचनालयात तिला चित्रांचं एक जाड पुस्तक सापडलं. आता ती इतिहासात एम. ए. करत होती, तरी ते वेड कमी झालं नव्हतं. तिच्या खोलीच्या भिंतीवर नटनट्या नव्हत्या. तिथं इजिप्तचा थॉथ होता, लांब चोचीच्या पक्ष्याचं डोकं असलेला, हातात लेखणी धरलेला. ग्रीकांची अथेना होती, लढाईचीही देवी आणि मागावरच्या विणकामाचीही. बोकडांच्या रथातून फिरणारा उत्तरेकडचा थॉर होता. जेवताना ती एकेकाची गोष्ट सांगायची.

“आबा, हा थॉर रथाचे बोकड कापून खातो. सकाळी हाडांवर हातोडा फिरवला की बोकड परत जिवंत.”

धैर्यशीलचा घास हातातच राहिला. “रोज मटन आनि बोकड बी शाबूत? ह्यो देव कोल्हापूरचाच हाय की!”

“आनि तुमी त्याचं पुजारी व्हा,” त्याची बायको पूर्णिमा म्हणाली. “पोट तेवढं तयारच हाय.”

पण संयोगिताचा सगळ्यांत लाडका देव होता पोसायडन, समुद्राचा देव. कारण तो कोल्हापुरात राहत होता. सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खनन झालं, तेव्हा मातीखालून त्याची पितळेसारखी चमकणारी कांस्यमूर्ती निघाली. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी कुणी रोमन व्यापारी ती जहाजानं आणि मग घाट चढून इथवर घेऊन आला असावा. मूर्ती आता टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. दाढीवाला, उघड्या अंगाचा देव, एक हात वर उचललेला. त्या हातातलं शस्त्र कधीच हरवलंय.

यंदाच्या गणेशोत्सवात तालमीचा सजीव देखावा काय करायचा, यावर जूनपासून बैठका चालल्या होत्या. संयोगितानं आपली संहिता लिहून नेली. जगातले जुने देव गणपतीच्या दर्शनाला कोल्हापुरात येतात आणि त्यांची वाट बघत पोसायडन चौथऱ्यावर उभा असतो, कारण बाकीचे नवे पाहुणे आणि हा इथला जुना रहिवासी. बारा मिनिटांचा खेळ. बाकीचे देव हलणार, बोलणार. पोसायडन मूर्ती असल्यामुळं अजिबात हलणार नाही. शेवटी निवेदनाच्या फितीवर गणपती त्याला म्हणणार, “दोन हजार वर्षं उभा आहेस, पावण्या. आता बस.” मग तो पाटावर बसणार आणि पडदा.

गणपतराव आता मंडळाचे अध्यक्ष होते. वय सत्तरीपुढचं, आवाज तोच. त्यांनी मोबाइलवरचा मूर्तीचा फोटो चष्मा वरखाली करून पाहिला.

“पोरी, समदं झ्याक हाय. पर देव नागडा हाय की.”

“लांग नेसवूया.”

“मग चालंल. पैलवान दिसंल.”

अथेनाचं काम इचलकरंजीजवळच्या कबनूरच्या भैरवीला मिळालं; ती यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेली असल्यामुळं विणकामाच्या देवीला शोभेल असा खणखणीत तिचा आवाज होता. पोसायडनसाठी सम्राट ठरला. पंचविशीचा पोरगा, रोज दोन तास जिममध्ये, दंड मांडीएवढे. अडचण तालमीतल्या पहिल्या सरावालाच कळली. सम्राट छाती काढून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन फोटोला उभा राहावा तसा उभा राहिला. मूर्तीत तसं नव्हतं. देवाचा सगळा भार एकाच पायावर होता, दुसरा गुडघा सैल, कंबर किंचित एका अंगाला. संयोगितानं त्याला तसं उभं केलं. चौथ्या मिनिटाला त्याची मांडी थरथरायला लागली, सहाव्याला तो चौथऱ्यावरून खाली.

“देव असा वाकडा का उभाय पर?” तो घाम पुसत म्हणाला. “आपलं देव बघ, कसं सरळ उभं असत्यात.”

आठवडाभर असंच चाललं. उत्सव दहा दिवसांवर आला. एका संध्याकाळी संयोगिता वैतागून दूध कट्ट्यावर आली आणि वडिलांना हाक मारणार तेवढ्यात थांबली. मोबाइल काढला. फोटो बघितला, वडिलांकडं बघितलं. परत फोटो.

धैर्यशील रोजच्यासारखा उभा होता. डाव्या गुडघ्यावर भार देता येत नसल्यामुळं चोवीस वर्षं तो उजव्या पायावरच उभा राहत आला होता. डावा पाय सैल, कंबर एका अंगाला, एक हात वर खांबाला लावलेला. दाढी आठवड्याची.

“काय बघालीस?” तो म्हणाला. “धोतर फाटलंय काय?”

“आबा, हलू नका.”

“म्हैस सुटंल की.”

“सुटू दे. किती वेळ असं उभं ऱ्हाता येईल तुम्हांला?”

“हितं? रोज तीन तास ऱ्हातोय.”

तिनं फोटो पुढं केला. त्यानं तो बराच वेळ पाहिला. मग मोबाइल परत दिला आणि चरवी धुवायला लागला. “न्हाय जमायचं. लोक पोट बघायला यायचं व्हय?”

“हा देव काय पोरगा न्हाय, आबा. दाढीवाला बाप्या हाय. अंगानं भरलेला.”

“आनि तालमीत म्या पाय ठेवत न्हाय.”

ती तडक तालमीकडं निघाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कट्ट्यावर गणपतराव आले. आधी दूध मागितलं. धैर्यशीलनं धार काढून ग्लास दिला. गणपतरावांनी तो निम्मा प्याला, ओठांवरचा फेस पुसला आणि इकडंतिकडं बघत राहिले.

“पोरगी म्हनाली, तुला जमतंय म्हनून.”

“उभं ऱ्हायाला मानूस पायजे म्हनं तुमास्नी,” धैर्यशील म्हशीकडं बघत म्हणाला.

गणपतरावांचा ग्लास तोंडापाशीच थांबला. आजूबाजूची दोन-चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. कुणाला काही माहीत नसावं, पण आवाजात काहीतरी होतं.

मग त्यांनी उरलेलं दूध संपवलं. “व्हय,” ते म्हणाले. “दुसऱ्या कुनाला जमंना झालंय.”

धैर्यशीलनं त्यांच्या हातातून रिकामा ग्लास घेतला, विसळला, पालथा घातला. “उद्या येतो.”

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर म्हशी सवयीनं बोळात वळायला लागल्या. धैर्यशीलनं दावं ओढलं. दोघी गोंधळून थांबल्या. त्यातली थोरली तर रस्त्यातच फतकल मारून बसायच्या बेतात होती. “चल गं,” तो म्हणाला, “आज फुडनं जायचंय.” म्हशी पिंपळाच्या पाराला बांधून तो तालमीच्या दारातून आत गेला. आत लाल मातीचा तोच वास होता. त्यानं वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली, चौथऱ्यावर चढला आणि हात वर केला. बारा मिनिटं झाली तेव्हा संयोगिताच्या घड्याळाखेरीज तिथं काहीच हललं नव्हतं. सम्राट तोंड उघडं टाकून बघत होता. त्याला पंचगंगेच्या पाण्याचं काम दिलं: चौथऱ्यामागून एक पंप पाणी वर सोडणार आणि ते देवाच्या पायाशी झऱ्यासारखं वाहणार.

देखाव्यांच्या स्पर्धेचे परीक्षक आले ते सातव्या दिवशी, साडेसातच्या खेळाला. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. बायका गॅलरीत, पोरं बापाच्या खांद्यावर. पडदा सरकला आणि कांस्याच्या रंगात रंगवलेला, लाल लांग नेसलेला देव चौथऱ्यावर दिसला. कुठूनतरी आवाज आला, “ह्यो आपला धैर्यशील पैलवान न्हवं?” गर्दीतून एक कुजबुज गेली. जुनी माणसं पुढं सरकली.

थॉथ आला, त्यानं गणपतीला आपली लेखणी दाखवली आणि दोन लिहिणाऱ्या देवांचं जमलं. अथेना आली आणि तिनं इचलकरंजीच्या कापडाला हात लावून बघितलं, त्यावर टाळ्या पडल्या. पाचव्या मिनिटाला चौथऱ्यामागं फट् असा आवाज झाला. पंपाची नळी फुटली होती. पायाशी वाहायचं पाणी आता भणाणत वर उडालं आणि थेट धैर्यशीलच्या डाव्या गुडघ्यावर आदळायला लागलं.

गार पाणी म्हणजे त्या गुडघ्याचा वैरी. पावसाळ्यात नुसती ओल लागली तरी त्याला रात्रभर शेकावं लागायचं. पहिल्या झटक्याला आतून कळ वर कमरेपर्यंत गेली. मागं सम्राट बटण शोधत चाचपडत होता. पंप बंद केला असता तर सगळे दिवेही गेले असते, कारण तार एकच होती. पडद्याआडून संयोगिताचा बारीक आवाज आला, “आबा, उतरा. उतरा, आबा.”

धैर्यशीलनं समोर बघितलं. गर्दीत पहिल्या रांगेत, परीक्षकांच्या शेजारी, गणपतराव खुर्चीच्या कडेवर पुढं सरकून बसले होते. ते चेहऱ्याकडं बघत नव्हते. गुडघ्याकडं बघत होते.

त्यानं श्वास पोटात घेतला आणि तिथंच ठेवला. बोट हललं नाही. पापणी हलली असेल, पण रंगाखाली ती कुणाला दिसली नाही. पाणी गुडघ्यावरून फुटून दोन्ही बाजूंना पंख्यासारखं उडत होतं, त्यात दिवे चमकत होते आणि समुद्राचा देव लाटेत उभा होता. लोकांना वाटलं, हे असंच बसवलंय. मग ज्यांना पंप दिसत होता त्यांना कळलं, आणि त्यांच्याकडून बाकीच्यांना. गल्लीत हळूहळू एकच वाक्य फिरायला लागलं: “हलंना! अजून हलंना!”

सात मिनिटं. थॉर आला, बोलला, कुणी ऐकलं नाही. सगळी गल्ली त्या गुडघ्याकडं बघत होती.

मग फितीवर गणपतीचा आवाज आला. “दोन हजार वर्षं उभा आहेस, पावण्या. आता बस.”

देव बसला नाही. गुडघा गारठून लाकूड झाला होता. तो वाकणं शक्य नव्हतं. दोन सेकंद गेले, चार गेले. संयोगितानं डोळे मिटले. संहितेत पुढं काहीच नव्हतं.

तेव्हा बारा मिनिटं मुका असलेला देव पहिल्यांदा बोलला, मैदानात सलामी देताना ज्या आवाजात बोलायचा त्या आवाजात.

“ऱ्हाऊ दे की, देवा. अजून जरा उभा ऱ्हातो!”

मग जे झालं त्यानं पिंपळावरचे कावळे उठले. शिट्ट्या, हलगी, गॅलरीतून बायकांच्या टाळ्या. एक परीक्षक हातातला कागद विसरून उभा राहिला होता. गणपतराव चौथऱ्यापाशी आले, पाण्यात भिजत त्यांनी आपला खांदा पुढं केला. “टाक भार माझ्यावर.”

“थांबा, अध्यक्ष,” धैर्यशील ओठ न हलवता म्हणाला. “लोक बघालेत.”

गणपतराव थांबले. खांदा तसाच पुढं ठेवून, भिजत, लोकांच्या टाळ्या संपेपर्यंत. टाळ्या बराच वेळ संपल्या नाहीत.

निकाल विसर्जनाआधी लागला. सजीव देखाव्यांत पहिला क्रमांक पिंपळकट्टा तालमीचा आणि उत्कृष्ट संहितेचं बक्षीस संयोगिताला. धैर्यशील चार दिवस गुडघा शेकत पडला होता. कट्ट्यावर त्याच्या म्हशी सम्राटनं नेल्या, आणि सम्राटला त्या दोघींनी चांगलंच पळवलं.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी संयोगिता त्याला टाऊन हॉलला घेऊन गेली. एवढ्या दिवसांत त्यानं देव फक्त मोबाइलवर पाहिला होता. काचेच्या कपाटापुढं ती थांबली आणि बोट दाखवलं. धैर्यशील वाकला. आणखी वाकला. मूर्ती जेमतेम वीतभर होती.

“एवढासाच?” तो म्हणाला. “म्या मानसाएवढा समजलो की गं!”

“सांगितलं असतं तर तुम्ही उभं ऱ्हायला असता?”

तो काचेजवळ सरकला. वीतभर देव, रिकामा हात वर, एका पायावर आरामात. कुणीतरी घाटावरून आणला, कुणीतरी मातीत विसरला, आणि तरी पडला नाही. धैर्यशीलनं इकडंतिकडं बघितलं. मग भार उजव्या पायावर घेतला, डावा सैल सोडला आणि हात वर केला.

“ओ पावणं,” दारातून पहारेकरी ओरडला. “हात कशाला वर केलाय?”

“दोस्त भेटलाय,” धैर्यशील म्हणाला आणि हात तसाच ठेवला.